विषय: सांगलीतली गाडी, एसी लावला की ओल्या मोज्यांचा वास

मंडळी नमस्कार,
गणपतीच्या वर्गणीच्या मेलांमध्ये हे मध्येच घुसडतोय, सांभाळून घ्या. तीन आठवड्यांसाठी सांगलीला आलोय, विश्रामबागेत आईबाबांकडे. मी नसताना गाडी पोर्चमध्ये झाकून असते, बाबा आठवड्यातून एकदा मार्केट यार्डापर्यंत चक्कर मारून आणतात, तेवढंच चालणं. आता एसी लावला की पहिली दोन मिनिटं असा कुबट वास येतो की बोलायची सोय नाही, मग जरा कमी होतो, पण गाडी बंद करून परत लावली की पुन्हा तेच. बाबांनी डॅशबोर्डवर कापूर ठेवला, आईने लिंबू चिरून ठेवलं, मी मोगऱ्याचं परफ्यूम लटकवलं, आता ओल्या मोज्यांना मोगरा चोळल्यासारखं झालंय. गॅरेजवाला म्हणतो एसीचा गॅस भरू. रविवारी आजीला घेऊन तासगावला जायचंय आणि तिला गाडीत आधीच मळमळतं. कुणाला अनुभव?
– विश्रामबागकर

> गॅरेजवाला म्हणतो एसीचा गॅस भरू

अजिबात भरू नकोस. हवा गार येतेय ना? मग गॅस आहे, वासाचा त्याच्याशी संबंध नाही. डॅशबोर्डच्या आत कूलिंग कॉइल असते, तिला फ्रिजमधून काढलेल्या तांब्यासारखा घाम फुटतो, ते पाणी एका रबरी नळीतून गाडीखाली ठिबकतं. गाडी बंद केली की कॉइल तशीच ओली राहते, वर धूळ बसते, त्यात बुरशी धरते. तुमच्याकडे आत्ता पावसाळा, गाडी आठवडाभर बंद, बुरशीला आणखी काय पाहिजे. परफ्यूम त्या कॉइलपर्यंत पोचतच नाही.

आधी केबिन फिल्टर बघ. बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्स खाली उतरवला की मागे एक चपटं झाकण असतं. काही गाड्यांना कंपनीतून फिल्टरच येत नाही, नुसती खाच असते, तसं असेल तर एक विकत आणून बसव. मग एसी पंधरा-वीस मिनिटं चालवून गाडीखाली वाकून बघ, पाणी ठिबकतंय का. या दमट हवेत ठिबकायलाच पाहिजे, नसेल तर नळी तुंबली आणि पाणी आत साठतंय. डावीकडच्या सीटपुढचं मॅट उचलून हात लाव, ओलं लागलं तर तेच.
– न्यू जर्सीचा काका

अरे आधी एक सांग, २०१९ च्या पुरात ही गाडी होती का? आमच्या मिरजेच्या दिरांच्या गाडीत पाणी शिरलं होतं, वरून धुऊन पुसून चकाचक केली तरी कार्पेटखालचा फोम ओला तो ओलाच, आणि सगळे दोष देत होते एसीला. शेवटी सीटा काढून कार्पेट उन्हात टाकलं तेव्हा वास गेला. आणि कुबट आहे तोवर ठीक, पण गोडसर वास आला आणि आतून काच चिकट धूसर व्हायला लागली तर आतल्या हीटरमधून कूलंट गळत असतं. पेट्रोल किंवा धुराचा आला तर काचा उघड, गाडी थांबव, आजीला बसवूच नकोस.
– मिरजेची ताई

ताई, गाडी २०२१ ची, पुरानंतर घेतली, आणि विश्रामबागेत पाणी आलं नाही. मॅट कोरडं, पाणीही ठिबकतंय.

काका, झाकण उघडलं. फिल्टर अर्धाच होता. उरलेल्या अर्ध्यात फाडलेल्या कागदाचं घरटं, शेंगांची टरफलं, लेंड्या आणि भडंग. उंदीर गेलेला होता, म्हणजे निघून गेलेला, देवाची कृपा. बाबा म्हणाले, "दर रविवारी बघतोय की मी." आई म्हणते आमच्या घरात भडंग कधी सांडतच नाही. आता हे ब्रशने झाडून घेऊ का?

नको नको, कोरडं झाडू नकोस, ती धूळ नाकातोंडात जाते. हातमोजे, मास्क, दारं उघडी, ब्लोअर बंद. फिनेलच्या पाण्याने भिजव, दहा मिनिटं थांब, मग ओल्या फडक्याने उचलून पिशवीत बांधून टाक. उंदराच्या मुतातून लेप्टो होतो, म्हणून एवढं सांगतोय. वायरी कुरतडल्यात का तेही बघ. मग एसी कॉइल क्लीनरचा फोम मिळतो, तो फिल्टरच्या खाचेतून आत मारायचा, डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ थांबून ब्लोअर फुल सोडायचा, नळीतून काळं पाणी येईल. घरातलं ब्लीच मात्र मारू नकोस, कॉइल ॲल्युमिनियमची असते, खाऊन टाकतं.

आणि बाबांना सांग, घर यायच्या चार-पाच मिनिटं आधी एसीचं बटण बंद करायचं, ब्लोअर चालू ठेवायचा, म्हणजे कॉइल वाळते.
– काका

झालं सगळं. काळं पाणी नाही, चहा म्हणा, तेही कडक. नवा फिल्टर बसवला, काचेखालच्या जाळीत आंब्याची पानं मूठभर सापडली ती काढली आणि हार्डवेअरमधून बारीक तारेची जाळी आणून हवा आत जाते तिथे लावली. वायरी शाबूत आहेत. एसी आधी बंद करायचं बाबांना पटलेलं नाही, "मग लावायचाच कशाला" म्हणतात. तासगावच्या वाटेवर आजीने वास घेतला, म्हणाली दवाखान्यासारखं वाटतंय, काच खाली कर. केली. तिला मळमळलं नाही.

येताना भडंग आणतोय, डबाबंद. कुणाला किती ते इथेच सांगा.
– विश्रामबागकर