'नजर टाकणे', नजराणा आणि मांजराचे डोळे

मूळ प्रश्न

आठवीतल्या भाच्याने प्रकाशाच्या धड्याची आकृती काढताना बाण डोळ्याकडून आंब्याकडे काढला. बाईंनी फुली मारली. त्याचं म्हणणं, "आपण नजर टाकतो म्हणतो ना? मग बाण तिकडेच जाणार." दृष्टिक्षेप, दृष्टिपात, नजर फिरवणे, नजर पोचेल तिथवर... बघावं तिथे डोळ्यातून काहीतरी बाहेर पडतंय. हे नुसते वाक्प्रचार, की कोणे एके काळी लोक खरंच असं मानायचे? आणि जाता जाता, नजराणा या नजरेतूनच आला का?

पहिला प्रतिसाद

नजराण्याचं आधी उरकतो. तो वेगळ्या घरातला. अरबीत दोन शब्द आहेत, त्यांच्यातला 'ज' वेगवेगळ्या अक्षरांनी लिहितात. एकाचा अर्थ पाहणे, दुसऱ्याचा नवस किंवा अर्पण. फारसीमार्गे मराठीत येईपर्यंत दोन्ही 'ज' सारखेच झाले. नजराणा आणि 'नजर करणे' (भेट देणे) दुसऱ्यातले. नजर आणि नजारा पहिल्यातले.

आता बाणाचं. मानायचे, आणि मानणारे ऐरेगैरे नव्हते. इ.स.पू. ३०० च्या सुमाराला युक्लिड या ग्रीक भूमितीकाराने दृष्टीचं सगळं गणित डोळ्यातून निघणाऱ्या सरळ रेषांवर उभं केलं. या रेषा डोळ्याशी टोक असलेल्या शंकूसारख्या पसरतात, ज्या वस्तूवर पडतात ती दिसते. जमिनीवर पडलेली सुई डोळ्यांसमोर असून सापडत नाही, कारण ती दोन रेषांमधल्या फटीत राहते, असंही त्याच्या परंपरेत सांगत. पुढचा खगोलज्ञ टॉलेमीही याच बाजूचा. अ‍ॅरिस्टॉटलला हे मान्य नव्हतं, पण त्याच्याकडे भूमिती नव्हती आणि यांच्याकडे होती.

हा बाण फिरवला इब्न अल-हैथम या अरब शास्त्रज्ञाने. जन्म बसऱ्याचा, इ.स. ९६५ च्या आसपासचा. बरंचसं आयुष्य कैरोत गेलं. त्याच्या ग्रंथाचं नाव 'किताब अल-मनाझिर', आणि मनाझिर हा शब्द आपल्या नजरेच्याच धातूचा! म्हणजे आपण ज्या शब्दाने नजर 'टाकतो', त्याच शब्दाच्या भावकीतलं नाव घेऊन आलेल्या ग्रंथाने नजर टाकली जात नाही हे दाखवलं. त्याचा एक मुद्दा अगदी साधा आहे. सूर्याकडे पाहिलं की डोळा दुखतो, मिटल्यावरही ठिपका राहतो. तेव्हा बाहेरचं काहीतरी आत येऊन डोळ्यावर परिणाम करतं. आणि ते येतंच असेल, तर आतून काही पाठवायची गरज काय?

पण त्याने युक्लिडच्या रेषा फेकून दिल्या नाहीत. रेषा त्याच ठेवल्या, वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून चहूकडे प्रकाश निघतो म्हणून दिशा तेवढी बदलली. भाच्याला हे जरूर सांगा: त्याच्या आकृतीतले कोन बरोबर असणार, बाणाचं टोक फक्त चुकलं. प्रकाश ज्या वाटेने येतो, त्याच वाटेने उलटा जाऊ शकतो. त्यामुळे बाण उलटा असूनही ती भूमिती शतकानुशतकं चालून गेली.

दुसरा प्रतिसाद

ग्रीस-अरबस्तान फिरून आलात, घरचं राहिलं. न्यायदर्शनात, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या आपल्या जुन्या तत्त्वज्ञानात, डोळा तैजस, म्हणजे तेजाचा बनलेला. त्यातून रश्मी, म्हणजे किरण, निघून वस्तूला भिडतो, तेव्हा ज्ञान होतं. 'रश्मी' या संस्कृत शब्दाचा लगाम, दोरी असाही अर्थ आहे, हे इथे लक्षात ठेवण्यासारखं.

न्यायसूत्रांतला वाद वाचताना मजा येते. प्रतिपक्ष विचारतो, रश्मी आहे तर दिसत का नाही? उत्तर: भर दुपारी उल्केचा उजेड तरी कुठे दिसतो? तो पुन्हा विचारतो, बरं, मग रात्री तरी दिसावा ना? बरीच घासाघीस होते आणि शेवटी हुकमाचं पान पडतं: 'नक्तंचरनयनरश्मिदर्शनाच्च'. निशाचरांच्या डोळ्यांतले रश्मी दिसतातच की! मांजर बघा.

समोरची बाजूही तयारीची होती. बौद्ध आणि जैन म्हणत, डोळा अप्राप्यकारी, वस्तूला न भिडताच जाणतो. जैनांचा युक्तिवाद मला सगळ्यांत धारदार वाटतो: भिडूनच कळत असेल, तर डोळ्यात घातलेलं काजळ डोळ्याला का दिसत नाही?

मांजराचं उत्तर मात्र फार उशिरा मिळालं. मांजर, गाय, बिबट्या यांच्या दृष्टिपटलामागे (डोळ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पडद्यामागे) चकाकणारा थर असतो. आत आलेला प्रकाश त्यावर आपटून ज्या दिशेने आला तिकडेच परत फिरतो. माणसात हा थर नाही. खात्री करायची तर रात्री अंगणात मांजर दिसलं की बॅटरी कपाळाशी धरून बघा, डोळे लख्ख पेटतात. तीच बॅटरी हात लांबवून बाजूला धरा, चमक मंदावते, कारण परतणारा उजेड आता बॅटरीकडे जातोय, तुमच्याकडे नाही. आणि पूर्ण काळोखात मांजराचे डोळे चमकतच नाहीत. घाटात बिबट्याचे डोळे दिसतात ते आपल्याच गाडीच्या दिव्यांमुळे.

तिसरा प्रतिसाद

'डोळ्यांसमोर काजवे चमकणे' याच यादीत घ्या. अल्कमिऑन नावाचा एक प्राचीन ग्रीक म्हणायचा, डोळ्यावर ठोसा बसला की ठिणग्या दिसतात, यावरून डोळ्यात अग्नी आहे हे उघडच आहे. ऐन तारुण्यातल्या न्यूटनने तर एक बोथट दाभण डोळा आणि हाड यांच्या फटीत सरकवून बुबुळ मागून दाबलं आणि रंगीत वर्तुळं दिसल्याची आकृतीसह नोंद केली. (कुणी करून बघू नका, डोळा जाईल.) एकोणिसाव्या शतकात योहानेस म्युलर या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने उलगडा केला: दृष्टीच्या चेतातंतूला काहीही डिवचो, प्रकाश, दाब किंवा वीज, तो एकच बातमी देतो, उजेड! काजवे बाहेरही नसतात आणि डोळ्यात आगही नसते.

चौथा प्रतिसाद

मराठीत उलट बाजूही आहे हे कुणी बोललं नाही. 'मी डोंगराकडे पाहतो' यात मी कर्ता, पण 'मला डोंगर दिसतो' यात क्रियापद डोंगराच्या मागे जातं आणि मी नुसता 'मला' होऊन बसतो. 'डोळे दिपले', 'नजरेत भरलं' हेही बाहेरून आत. म्हणजे पाहणे युक्लिडचं आणि दिसणे इब्न अल-हैथमचं!

पहिल्या प्रतिसादकाकडून

टाळी घेणारं वाक्य आहे, पण ते इतकं ताणू नये असं माझं मत. 'मला आठवतं', 'मला भूक लागते' यांचीही रचना तीच, तिथे कुठला प्रकाश? शिवाय नजर टाकतो म्हणताना आपण किरणांबद्दल बोलतच नसतो, लक्ष कुठे वळवलं ते सांगत असतो. आणि लक्ष खरोखरच आतून बाहेर वळतं. त्यामुळे या वाक्प्रचारांवरून जुने मराठी लोक अमुक सिद्धांत मानत होते असं काढता येत नाही. 'दृष्ट लागणे' तेवढं वेगळं. तिथे नजर जाऊन चिकटते असं मानतातच, म्हणून मीठ-मोहरी ओवाळतात.

'दिसणे'सुद्धा वाटतं तितकं निमूट नाही. १६०४ साली केप्लर या खगोलशास्त्रज्ञाने दाखवलं की दृष्टिपटलावर जगाचं चित्र उलटं पडतं. ते सुलटं कसं कळतं, याची उकल त्याने इतरांवर सोडली. पुढे मारिओत या फ्रेंच शास्त्रज्ञाला दृष्टिपटलावर अशी जागा सापडली जिथे काहीच उमटत नाही, अंधबिंदू. तरी आपल्याला जगात भोक दिसत नाही. एवढं सगळं मागे कुणीतरी सांधत बसलेलं असतं, आणि आपण म्हणतो 'दिसलं'.

पाचवा प्रतिसाद

कोकणात आमच्याकडे 'दिष्ट' म्हणतात. 'दिष्ट काढूक होयी.' जुन्या मराठीत 'दिठी' आहेच.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. भाच्याला कोनांचं सांगितलं, तो आता बाईंकडे अर्धा मार्क मागायला जाणार आहे. आणखी एक: नजरबंदी आणि नजरकैद एकच ना? बातम्यांत दोन्ही वाचतो.

दुसरा प्रतिसादक

माणसाला घरात डांबणं ती नजरकैद. त्याला नजरबंदी म्हणणं हिंदीच्या वळणाचं आहे, मराठीत टाळलेलं बरं. आपल्याकडे नजरबंदी ती गारुड्याची: डबा समोर उघडा असतो, प्रकाश नियमाप्रमाणे डोळ्यात शिरत असतो, आणि तरी नाणं कुठे गेलं ते कुणालाच दिसत नाही. तो बांधतो ते लक्ष. या अर्थाने शब्द अगदी नेमका आहे, तो तिथेच वापरावा.