जुनी पेट्रोल सात सीटर घ्यायची आहे, अनुभव सांगा

काल शेजारच्यांची ओम्नी भंगारवाला घेऊन गेला. सरकता दरवाजा ओढताना तोच खर्रर्र आवाज झाला आणि आमची आठवली. गणपतीत ठाणे ते देवरुख, नऊ जण, मांडीवर मखर. कशेडी घाटात गाडी तापली की बाबा सगळ्यांना उतरवून पुढची सीट उचलायचे, खालच्या इंजिनाला वारा घालायला. पुठ्ठ्याने! आता बोगदा झाला, बाबा मागच्या सीटवर. सहा माणसं आहोत. ईको की अर्टिगा?

खाडीकाठ: आधी पुरात बुडालेली गाडी ओळखा. २२ जुलै २०२१ नंतर चिपळुणात आम्हीही गाडी शोधत होतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आमच्या हातात वरचा पट्टा कोरा आला, आत गुंडाळलेला चिखलाचा. विकणारा म्हणे मुलांनी कॉफी सांडली. एवढी कॉफी?

गुहागरवाली: 😂😂 बादलीने पितात वाटतं

मालवणी माशी: रंगावर भुलू नका, गाडीखाली झोपा. आमची दिसायला देखणी, मॅट उचललं तर रस्ता दिसला. आधीच्या मालकाचं घर किनाऱ्यालाच, खारा वारा. खालून ताजा काळा थर फासलेला असेल तर तो कशावर फासलाय ते विचारा.

साखरपा: देवरुखात कुठे? माझं माहेर साखरपा!

धागाकर्ती: वाडी नाही सांगणार ताई, फणस संपतील

घाटवाला: सहा जण आणि सामान म्हणजे टपावर कॅरियर लागणारच, दोन्हींत तिसरी रांग उभी केली की मागे फारशी जागा उरत नाही. ईकोला मागच्या चाकांची ओढ, भरलेली असली की पाखाडीसारख्या चढावर बरी चढते. लांबच्या प्रवासाला मात्र अर्टिगा, म्हाताऱ्या कंबरा दुवा देतील. आणि इंजिन थंड असताना सुरू करून बघा. आम्ही पोचायच्या आत एकाने तापवून ठेवलं होतं, मी हात लावला तसा तो चहा आणायला पळाला.

सही राहिली: आरसीवर बँकेचा बोजा उतरलाय ना बघा. आमचा दलाल नाव बदलायच्या फॉर्म २९, ३० वर सह्या घेऊन गेला, बोजा उतरवायचा बँकेचा फॉर्म ३५ नव्हताच. वर्षभर गाडी आमच्या अंगणात, नाव दुसऱ्याचं. डाळ करपतेय, नंतर लिहिते

मालवणी माशी: शेजारच्या ओम्नीची स्टेपनी मिळात काय? आमची अजून चालता.

धागाकर्ती: गेली हो सगळी. बाजूचा आरसा तेवढा मी मागून घेतला. बाबांनी दाढीला लावलाय.