घरचा फ्लॉवर: तुमचे अनुभव सांगा

गोदाकाठची
आज सकाळी कुंडीला पाणी घालताना पानं बाजूला केली, तर आत कवडीएवढा पांढरा गड्डा! तांब्या हातात धरून तशीच उभी राहिले. मखमलाबादला आमच्या घरामागे अण्णांचे फ्लॉवरचे दोन वाफे असायचे. गड्डा मुठीएवढा झाला की अण्णा केळीचं सोपट भिजवून त्याच्या दोऱ्या काढायचे आणि फ्लॉवरचीच बाहेरची पानं वर ओढून शेंडीसारखी बांधायचे. ऊन लागलं की गड्डा पिवळा पडतो ना. पानं धरायचं काम माझं. पानांच्या खोलगटात साठलेलं दव कोपरापर्यंत ओघळायचं, बोटं गारठून वाकायची नाहीत. "धर नीट, पण आवळू नको" एवढंच अण्णा बोलायचे. त्यांना जाऊन ९ वर्षं झाली. कोणी कोणी लावलाय घरी? कसा आला, कसा केलात, सगळं लिहा.

सातपूरकर
मागच्या वर्षी ८ रोपं लावली, सगळे गड्डे लिंबाएवढे होऊन थांबले. शेणखत भरपूर होतं. मग एका रोपवाटिकावाल्या काकांनी विचारलं, रोपं किती दिवसांची होती? दीड महिना ट्रेमध्येच पडून होती माझी. २५-३० दिवसांचं रोप लावायचं, जून झालं की झाड पोसायच्या आधीच गड्डा धरतं. यंदा वेळेवर लावलीत.

निफाडची सून
पारा उतरला की आमच्याकडे सासऱ्यांचा डोळा लागत नाही. द्राक्षांचे मणी तडकतात, बागेत पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात. आणि तीच थंडी माझ्या परसातल्या फ्लॉवरला अशी मानवते की गड्डा दगडासारखा घट्ट येतो. मामांसमोर आनंद दाखवायला जीव होत नाही.

गोदाकाठची
@निफाडची सून खरंय गं. बाग सांभाळा, मामांनाही सांभाळ.

आजीचा पाटा
कूकर लावलाय, पटकन लिहिते. तुरे मोठे ठेवा. कोमट पाण्यात मीठ-हळद घालून १०-१५ मिनिटं बुडवा, अळ्या वर येतात. कांदा-सुकं खोबरं काळपट भाजून वाटण, आपला काळा मसाला, तेल सुटलं की तुरे आणि मटार. पाणी गरमच घाला. घरचा फ्लॉवर लवकर शिजतो, दोन उकळ्यांत गॅस बंद, नाहीतर लगदा. बाजरीची भाकरी हवीच.

पंचवटी ७
काळा मसाला घरचा का ताई? कुठे कुटून आणता?

आजीचा पाटा
घरचाच. उन्हाळ्यात डंकावर नेते. दगडफूल जरा जास्त घालते.

दिंडोरी रोड
एक एकर फ्लॉवर होता. गोण्या भरून बाजारात नेला, आलेल्या पैशांत गाडीभाडंही निघालं नाही. उरलेल्या वावरात मेंढरं सोडली. आई बांधावर बसून बघत होती, एक शब्द बोलली नाही. आता विकायला लावत नाही, पण आईसाठी घरापुरती १० रोपं दरवर्षी लावतो. कडेने मोहरी पेरतो, मावा आणि पतंग आधी मोहरीवर जातात.

सातपूरकर
दादा, वाचून पोटात तुटलं. आईंना नमस्कार सांगा.

कुंडीतली शेती
माझ्या गड्ड्यावर तपकिरी डाग, कापला तर देठ आतून पोकळ. काय झालं असेल?

दिंडोरी रोड
बोरॉन कमी पडलं बहुतेक. शेतात आम्ही बोरॅक्स देतो. कुंडीत अंदाजाने टाकू नका, जास्त झालं की पानांच्या कडा करपतात. दुकानात कुंडीचा आकार सांगून विचारा.

सिन्नरची माहेरवाशीण
पानं टाकून देता का सगळे?? कोवळी पानं बारीक चिरून लसणाची फोडणी आणि बेसन पेरून करा. देठ सोलून आमटीत. आमच्या आईने पानाचा तुकडा कधी वाया घालवला नाही. उरलेल्या तुऱ्यांचं गाजर-मटार घालून लोणचं. तुरे फडक्यावर पसरून पूर्ण सुकवायचे, पाण्याचा अंश राहिला की बुरशी येते.

पंचवटी ७
लोणच्याला मोहरीची डाळ किती? (आणि @आजीचा पाटा, यंदा मसाल्याला जाल तेव्हा मलाही हाक मारा, आमचा डंक बंद झाला.)

सिन्नरची माहेरवाशीण
एक किलो भाजीला वाटीभर. लिंबू सढळ पिळा.

आजीचा पाटा
@पंचवटी ७ या की! मिरच्या देठं काढून, वाळवून आणा म्हणजे झालं.

गोदाकाठची
सगळं वाचत होते, मधे स्वयंपाक उरकला. संध्याकाळी पुन्हा पाहिलं, गड्डा अजून लहान आहे, पानं बांधायला आठवडा तरी लागेल. फ्लॅटमध्ये सोपट कुठलं! अण्णांच्या जुन्या धोतराची एक पट्टी फाडून कुंडीशेजारी ठेवलीय. पानं धरायला लेकीला उठवणार आहे.