'इंकस्टोन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : चिनी सुलेखनावरचा एक लेख मराठीत आणतेय. त्यात 'इंकस्टोन' सारखा येतो. 'दौत' चालेल का?

उत्तर : दौत नको, ताई. दौतीत तयार शाई ठेवतात. चिनी शाईची असते कांडी. लिहायला बसलं की दगडावर पाणी घेऊन ती उगाळायची. म्हणून 'सहाण'च. चंदनाच्या खोडासारखी ती कांडीही झिजत जाते.

कांडी म्हणजे काजळी आणि जनावराच्या कातड्याचा सरस. पाइनचं लाकूड जाळून धरलेली काजळी निळसर, बिनचमकीचा काळा देते. तुंग झाडाच्या बियांच्या तेलाच्या दिव्यांवर धरलेली तकतकीत. सरसात कालवलेला हा गोळा घणानं पुन्हा पुन्हा कुटतात, लाकडी साच्यात दाबतात आणि मग महिनोन्महिने उलटापालटा करत वाळवतात. घाई केली की तडा गेलाच. आन्हुई प्रांतातल्या ह्वेइचौची शाई सर्वांत नावाजलेली. दहाव्या शतकात तिथल्या शी घराण्याला दक्षिण थांग या चिनी राज्याच्या राजानं स्वतःचं 'ली' हे आडनाव बहाल केलं. शाई करणाऱ्याला राजाचं आडनाव! कारागिराचा याहून मोठा मान मला तरी माहीत नाही.

शंका : पण दादा, सहाण खरबरीत असते. शिवाय सहाण म्हटलं की गंध आणि देवघरच डोळ्यांपुढे येतं.

उत्तर : पोताबद्दल बरोबर बोललात. क्वांगतुंग प्रांतातल्या चाओछिंगचा, इंकस्टोनसाठी वापरतात तो तुआन दगड हाताला मऊ लागतो, तरी त्याला बारीक धार असते. दगड अगदीच गुळगुळीत असला तर शाई सुटत नाही. खरबरीत असला तर कण जाड राहतात आणि कुंचल्याचे केस तुटतात. काही तुआन दगडांत पिवळसर-हिरवे गोल ठिपके असतात. त्यांना 'डोळे'च म्हणतात, आणि कारागीर नक्षी त्यांना धरून बेततो. दगडाच्या एका टोकाला खोलगा असतो, उगाळलेली शाई त्यात उतरते. तेव्हा पहिल्यांदा 'शाईची सहाण' लिहा, पुढे नुसतं 'सहाण'. देवघर मागे पडेल.

प्रश्न : आणि क्रियापद? 'घोटणे' की 'वाटणे'?

उत्तर : उगाळणे. घोटण्यात आणि वाटण्यात जोर येतो, इथे हात हलका हवा, सावकाश गोल फिरवायचा. काम झालं की सहाण धुवायची. वाळलेला सरस राहिला तर पुढची शाई बिघडते. कांडीही सहाणेवर उभी ठेवू नये, चिकटून बसते.