मदत हवी आहे : एचडीएमआय जोडताना ठिणगी, टीव्हीचा पोर्ट दोनदा गेला, सेट टॉप बॉक्सही गेला

कोपरा_स्पीकर

ठाण्यात १९८०च्या दशकातली इमारत. हॉलमध्ये समोरासमोरच्या भिंतींवर दोन प्लग पॉइंट आहेत.

पॉइंट १ वर ५५ इंची टीव्ही (प्लग तीन पिनांचा) आणि केबलचा सेट टॉप बॉक्स (दोन पिनांचा ॲडॉप्टर). पॉइंट २ वर एक्स्टेन्शन बोर्ड, त्यावर डेस्कटॉप कॉम्प्युटर (तीन पिना), एव्ही रिसीव्हर (स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर) आणि सबवूफर (दोघांनाही दोन पिना). बॉक्स आणि कॉम्प्युटर एचडीएमआयने रिसीव्हरला जोडलेत, रिसीव्हर टीव्हीच्या एआरसी पोर्टला (टीव्हीचा आवाज याच एचडीएमआयमधून रिसीव्हरकडे परत येतो). केबलवाल्याची वायर बाल्कनीतून थेट बॉक्सला येते.

आधी टीव्हीचा एआरसी पोर्ट बंद पडला. मग बॉक्सचा एचडीएमआय आउटपुट गेला. टीव्हीचा मेनबोर्ड बदलला, दीड महिन्यात तोच पोर्ट परत गेला. तिन्ही वेळा उपकरण चालू होत होतं, टीव्हीवरची ॲप्सही चालायची. दुरुस्तीवाल्यांनी 'व्होल्टेज वरखाली होतंय' म्हणून स्टॅबिलायझर लावायला सांगितला. दुसऱ्यांदा पोर्ट गेला तेव्हा स्टॅबिलायझर लावलेलाच होता.

अनवाणी रिसीव्हरच्या पत्र्याला हात लावला तर झिणझिण्या येतात. एचडीएमआयचं टोक पोर्टजवळ नेलं की बारीक ठिणगी उडते. टेस्टर पत्र्यावर मंद पेटतो. मल्टिमीटर आहे. मेन बोर्डावर एमसीबी (जादा करंटला पडणारे स्विच) आहेत, आरसीसीबी (गळतीला पडणारा) नाही. केबल बदलून उपयोग होईल का? नेमकं काय तपासू?

मायक्रोफॅरड

केबल बदलू नका. आणि अर्थिंगचा उलगडा होईपर्यंत ही उपकरणं एकमेकांना जोडूही नका.

काय जळालं यावरून कारण बरंचसं कळतं. व्होल्टेज वाढून नुकसान झालं असतं तर पॉवर सप्लाय गेला असता: फ्यूज उडतो, त्यामागचा व्हेरिस्टर (जादा व्होल्टेज झेलणारा भाग) काळा पडतो, टीव्ही चालूच होत नाही. तुमच्याकडे पॉवर शाबूत आहे आणि फक्त जोडणीचे पोर्ट जातायत. म्हणजे फेज-न्यूट्रलमधलं व्होल्टेज ठीक आहे, पण एका उपकरणाच्या बॉडीत आणि दुसऱ्याच्या बॉडीत फरक आहे. स्टॅबिलायझर फेज-न्यूट्रल सांभाळतो, अर्थिंगशी त्याचं काही देणंघेणं नाही, म्हणून तो निरुपयोगी ठरला.

सगळे प्लग काढा, कोॲक्स (केबलवाल्याची वायर) बॉक्सपासून सोडवा आणि मीटर एसी ७५० व्होल्टच्या रेंजवर ठेवा. सॉकेटकडे तोंड करून पाहिलं तर वरचं मोठं भोक अर्थ, उजवं फेज, डावं न्यूट्रल. दोन्ही पॉइंटवर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशी तीन रीडिंग घ्या. पॉइंट २ ची रीडिंग एक्स्टेन्शन बोर्डाच्या रिकाम्या सॉकेटवर, फक्त कॉम्प्युटर लावून परत घ्या.

मग इस्त्रीची चाचणी. पॉइंट १ च्याच बोर्डावर १००० वॉटची इस्त्री लावा आणि ती तापत असताना न्यूट्रल-अर्थ पाहा. इस्त्री साधारण ४.३ अँपिअर घेते. १.५ चौरस मिमी तांब्याच्या वायरचा रोध मीटरला सुमारे ०.०१२ ओहम, म्हणजे १५ मीटर न्यूट्रलचा ०.१८ ओहम. अर्थ खरा असेल तर रीडिंग पाऊण व्होल्टच्या आसपास वाढलंच पाहिजे. ते का हवं, हे आकडे आले की सांगतो.

शेवटी कोॲक्सचं बाहेरचं कवच आणि पॉइंट १ चा अर्थ यांच्यातलं व्होल्टेज, इस्त्रीशिवाय आणि इस्त्रीसह. तसंच कोॲक्सचं कवच आणि कॉम्प्युटरचा पत्रा यांच्यातलं: एकदा नुसतं, एकदा मीटरच्या दोन टोकांना समांतर १० किलोओहम, ५ वॉटचा सिमेंट रेझिस्टर लावून. क्लिपा लावताना कॉम्प्युटरचा प्लग बाहेर असू द्या, पायांत चपला आणि हात कोरडे. रेझिस्टर असताना जितके व्होल्ट दिसतील त्याला १० ने भागलं की गळतीचा करंट मिलिअँपिअरमध्ये मिळतो. रेझिस्टर लावूनही रीडिंग पंचवीस-तीस व्होल्टच्या वर राहिलं तर लगेच प्लग काढा, तो खरा इन्सुलेशनचा दोष असेल.

कोपरा_स्पीकर

पॉइंट १ : फेज-न्यूट्रल २३१, फेज-अर्थ २३१, न्यूट्रल-अर्थ ०.०. इस्त्री चालू असतानाही न्यूट्रल-अर्थ ०.०.

पॉइंट २, कॉम्प्युटर लावून : फेज-न्यूट्रल २३०, फेज-अर्थ ११७, न्यूट्रल-अर्थ ११३.

कोॲक्स ते पॉइंट १ चा अर्थ : ३.१ व्होल्ट, इस्त्री चालू केल्यावर ३.९. कोॲक्स ते कॉम्प्युटरचा पत्रा : १०९ व्होल्ट, रेझिस्टर लावल्यावर ३.२.

पॉइंट १ तर अगदी आदर्श दिसतोय ना? दोष पॉइंट २ चाच?

मायक्रोफॅरड

दोन्हींकडे दोष आहे, आणि जास्त धोकादायक पॉइंट १ आहे.

आधी सोपा, पॉइंट २. तिथे अर्थची वायर कुठेच पोचलेली नाही. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या तोंडाशी फिल्टर असतो. त्यात फेजपासून पत्र्याला एक आणि न्यूट्रलपासून पत्र्याला एक असे दोन छोटे 'वाय' कपॅसिटर असतात, बहुधा २.२ ते ४.७ नॅनोफॅरडचे. अर्थ असेल तर ही गळती जमिनीत जाते. अर्थ नसेल तर पत्रा दोघांच्या मध्ये लोंबकळतो आणि २३० च्या निम्म्यावर, ११५ च्या आसपास बसतो. ११७ आणि ११३ हे त्याचंच चित्र. रेझिस्टर लावल्यावर ३.२ व्होल्ट, म्हणजे ०.३२ मिलिअँपिअर. ५० हर्ट्झला ४.७ नॅनोफॅरडमधून ०.३४ येतो, हिशोब जुळतो. कॉम्प्युटरचा सप्लाय बिघडलेला नाही, तो बिचारा बरोबर काम करतोय.

झिणझिण्या रिसीव्हरला येतात कारण एचडीएमआयच्या कवचातून तोही त्याच ११५ व्होल्टवर गेलाय. दोन पिनांच्या उपकरणांची स्वतःची थोडी गळती त्यात मिळते. माणसाला हा करंट फक्त टोचतो, पण एचडीएमआयच्या चिपला ३.३ आणि ५ व्होल्टची सवय. ११५ व्होल्ट एसीचं शिखर १६३ व्होल्ट. प्लग घुसताना कवच आधी टेकलं तर हा साठा कवचातून निघून जातो. टीव्हीमागे हात घालून, न बघता, तिरका घातला की एखादी डेटा पिन आधी टेकते आणि साठा चिपमधून जातो. लाल-पांढऱ्या आरसीए पिनांचं तर आणखी वाईट, तिथे मधली पिन आधी टेकते आणि ग्राउंडची कडी नंतर.

आता पॉइंट १. इस्त्री चालू असताना न्यूट्रलमध्ये पाऊण व्होल्ट पडतोय हे कोॲक्सच्या रीडिंगमध्ये दिसतं, ३.१ चे ३.९ झाले. तरी न्यूट्रल-अर्थ ०.० राहतं, याचा अर्थ तिथला अर्थ हा अर्थ नाहीच. बोर्डाच्या आत न्यूट्रलच्या स्क्रूवरून अर्थच्या पिनेला वायरचा तुकडा (जंपर) मारलेला आहे. तुमच्या टीव्हीची बॉडी म्हणजे घराचं न्यूट्रल.

केबलचं कवच बाहेर कुठेतरी जमिनीशी किंवा दुसऱ्या घराच्या न्यूट्रलशी जोडलेलं आहे. तुम्ही कोॲक्स, बॉक्स, रिसीव्हर, टीव्ही अशी साखळी लावली की न्यूट्रलचा काही करंट मेन वायर सोडून याच साखळीतून परत जातो. ३ व्होल्ट आणि वाटेत दोन-तीन ओहम, म्हणजे एक-दीड अँपिअरपर्यंत. एचडीएमआय उपसताना कवच आधी सुटलं तर तोच करंट आतल्या केसाएवढ्या ग्राउंड पिनांतून आणि चिपमधून वाट काढतो. दीड महिन्यात पोर्ट जाण्याचं मुख्य कारण मला हेच वाटतं.

आणि बोर्डाचा न्यूट्रल स्क्रू ढिला झाला तर? त्या बोर्डावर काहीही चालू असलं की त्यातून फेज न्यूट्रलच्या पट्टीवर येतो, जंपरमधून टीव्हीच्या पत्र्यावर येतो. पूर्ण २३० व्होल्ट. तेव्हा मिलिअँपिअरची मर्यादा राहत नाही. मध्ये फक्त ती इस्त्री किंवा पंखा. हा जंपर आजच काढून घ्या.

सोल्डरगन

मधला उपाय म्हणून टीव्हीच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकली तर लूप तुटेल. घरघर आवाजासाठी बरेच जण करतात.

डीबी_आणि_दोरा

कृपा करून असलं कुणाला सुचवू नका. पिन काढली की टीव्हीसुद्धा ११५ वर लोंबकळायला लागेल, म्हणजे पॉइंट २ चा आजार पॉइंट १ ला. उद्या आतलं इन्सुलेशन गेलं तर पत्रा जिवंत राहील आणि एमसीबी पडणार नाही. घरघर घालवायची तर सिग्नलची वाट तोडायची, अर्थची नाही. आरसीएला १:१ ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा ऑप्टिकल केबल.

कोपरा_स्पीकर, वायरमनकडून काम या क्रमाने करून घ्या. मेन बंद. पॉइंट १ उघडून जंपर काढा. मग डीबीत (मेन बोर्डात) अर्थची पट्टी आहे का आणि तिला मीटर रूममधून वायर आली आहे का, हे पाहा. जुन्या इमारतींत पट्टी असते, पण तिला खालून येणारी वायर गंजून तुटलेली असते. अर्थ टेस्टरने रोध मोजायला सांगा, ५ ओहमच्या आत असेल तर उत्तम. अर्थिंगचा खड्डाच मेलेला असेल तर सोसायटीला सांगून नवीन घ्यावा लागेल. आयएस ३०४३ (अर्थिंगचं भारतीय मानक) प्रमाणे पाइप अर्थिंगला निदान ३८ मिमी आतल्या व्यासाचा, २.५ मीटर लांबीचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप लागतो.

डीबीपासून दोन्ही पॉइंटना हिरवी २.५ चौरस मिमी तांब्याची वायर सलग ओढा, मध्ये पिळून जोड नको. भिंतीतल्या पाइपातून वायर जात नसेल तर केसिंग पट्टीतून बाहेरून घ्या, दिसायला बरी नाही पण चालते.

त्याच दिवशी ३० मिलिअँपिअरचा दोन पोलचा आरसीसीबी बसवा. त्याच्यापुढे कुठेही न्यूट्रल-अर्थ जंपर राहिला असेल तर लोड टाकल्यावर तो पडेल. पडला तर वायरमन 'आरसीसीबी खराब आहे' म्हणून काढायला सांगेल, तेव्हा ऐकू नका, दुसरा जंपर शोधायला लावा. खड्डा होईपर्यंतही त्याचा आधार आहे: ५० व्होल्ट भागिले ०.०३ अँपिअर म्हणजे १६६० ओहमच्या अर्थवरही तो माणसाला वाचवण्याइतका लवकर पडतो.

मग सगळी उपकरणं एकाच पॉइंटवर आणा. टीव्ही, रिसीव्हर, कॉम्प्युटर, सबवूफर, बॉक्स मिळून नेहमीच्या आवाजाला हजार वॉटच्या आत राहतात, आणि ६ अँपिअरचा पॉइंट १३८० वॉट देतो. अर्थचा बिंदू एक झाला की आपसांतला फरकच उरत नाही.

आणि कोॲक्सवर, बॉक्सच्या आधी, गॅल्व्हॅनिक आयसोलेटर लावा. छोटी नळी असते, दोन्ही बाजूंना एफ कनेक्टर (कोॲक्सचं फिरवून बसवायचं टोक). आत कपॅसिटर, सिग्नल जातो, ५० हर्ट्झ अडतो. बाहेर केबलवाल्याने काय कुठे जोडलंय ते आपल्या हातात नाही, म्हणून अर्थिंग सुधारल्यावरही हा हवाच.

कोपरा_स्पीकर

काम झालं. पॉइंट १ मध्ये जंपर सापडला, लाल वायरचा दोन इंची तुकडा. काढण्याआधी वायरमनने कोॲक्सवर क्लॅम्प मीटर (वायरभोवती लावून करंट मोजणारा) लावून पाहिला: साखळी जोडलेली असताना ०.७ अँपिअर. डीबीची पट्टी होती, मीटर रूमपर्यंतची वायर मधल्या मजल्यावर तुटलेली, नवीन ओढली. अर्थ टेस्टरवर ३.४ ओहम. आरसीसीबी बसवला आणि गिझर लावताच पडला, बाथरूमच्या बोर्डातही जंपर निघाला. तो काढल्यावर टिकला.

आता न्यूट्रल-अर्थ १.२ व्होल्ट, इस्त्रीसह १.९. कॉम्प्युटरचा पत्रा ते अर्थ ०.०. आयसोलेटर लावून कोॲक्सवर क्लॅम्प शून्य दाखवतो. झिणझिण्या गेल्या. रिसीव्हर ते टीव्ही फायबरची एचडीएमआय केबल घेऊ का, म्हणजे पूर्ण सुटका होईल?

मायक्रोफॅरड

आकडे छान आलेत. गरज नाही. शिवाय बऱ्याच फायबर एचडीएमआय केबलमध्ये चित्र काचेतून जातं, पण ५ व्होल्ट, डीडीसी (उपकरणांनी एकमेकांना ओळखण्याची लाइन) आणि ग्राउंड यांसाठी तांब्याच्या तारा असतातच, त्यामुळे पूर्ण विलगीकरण होत नाही. नुसता आवाज वेगळा करायचा असेल तर साधी ऑप्टिकल खरी विलग करते, मात्र त्यातून स्टिरिओ किंवा कॉम्प्रेस केलेला ५.१ एवढंच जातं.

जोडताना सगळे प्लग भिंतीतून बाहेर. आधी एचडीएमआय आणि आरसीए, मग कोॲक्स, शेवटी प्लग. सोडवताना उलट.

पत्र्यावरची_डिश

केबलऐवजी डीटीएच घेतलं तर हाच आयसोलेटर चालेल का?

डीबी_आणि_दोरा

नाही. डीटीएचचा बॉक्स त्याच वायरने छतावरच्या एलएनबीला (डिशवरच्या सिग्नल पकडणाऱ्या भागाला) १३ किंवा १८ व्होल्ट डीसी पुरवतो. आयसोलेटर डीसी अडवेल आणि सिग्नलच येणार नाही. तिथे डीसी जाऊ देणारा सर्ज अरेस्टर (विजेचा झटका अर्थमध्ये सोडणारा) लावतात, आणि त्याचा अर्थचा स्क्रू खऱ्या अर्थला जोडावा लागतो, नुसता लटकत ठेवून फायदा शून्य. डिशचा खांबही इमारतीच्या अर्थला जोडा. बॉक्स चालू असताना एफ कनेक्टर फिरवू नका, मधली तार कवचाला लागली तर एलएनबीचा पुरवठा शॉर्ट होतो. पावसाळ्यात कडकडाट सुरू झाला की प्लग आणि कोॲक्स दोन्ही काढा. एकच काढलं तर दुसऱ्या वाटेने येतंच.