मदत हवी आहे: 'हुशार' आणि 'कच्च्या' तुकड्या मोडायच्या आहेत, शिक्षकांचा विरोध आहे

रानजाई:

नमस्कार. ठाण्यात वागळे इस्टेटच्या बाजूला एका अनुदानित मराठी शाळेत मी पर्यवेक्षिका आहे. वर्ग पाचवी ते दहावी. वागळे ही एमआयडीसीची पहिली वसाहत, १९६२ नंतरची. आमच्या शाळेत पूर्वी तिथल्या कामगारांची मुलं असायची. आता त्या कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती आहेत आणि मुलं येतात ती रिक्षावाल्यांची, सुरक्षा रक्षकांची, घरकाम करणाऱ्या आयांची.

आमच्याकडे वर्षानुवर्षं वार्षिक परीक्षेच्या गुणांवरून तुकड्या पडतात. वरची मुलं अ मध्ये, मधली ब मध्ये, उरलेली क मध्ये. अ तुकडी सेमी इंग्रजी, बाकीच्या पूर्ण मराठी. नियमाने दरवर्षी फेरफार व्हायला हवा, पण सहावीत क मध्ये गेलेलं मूल बहुधा क मधूनच दहावीला बसतं. मी क तुकडीला गणित शिकवलं आहे. उत्तर येत असूनही ही मुलं हात वर करत नाहीत. एक मुलगी मला म्हणाली होती, "बाई, हे अ ला विचारा ना, आमचा क आहे." तिचं गणित बरोबर होतं. हे मोडलं पाहिजे असं मला तेव्हापासून वाटतं.

नव्या मुख्याध्यापकांनी ठरवलंय की जूनपासून सगळ्या तुकड्यांत सगळ्या प्रकारची मुलं मिसळायची. संस्थेनेही मान्यता दिली. एप्रिलमध्ये निकालाच्या धांदलीत सूचनावही फिरली, सगळ्यांनी सह्या केल्या आणि दुसऱ्या दिवसापासून स्टाफरूमचं वातावरण बदललं. अंमलबजावणी माझ्याकडे आहे.

अ तुकडीचे वर्गशिक्षक ज्येष्ठ आहेत. त्यांचं म्हणणं, दहावीच्या निकालाला धक्का बसेल. ते अपेक्षित होतं. पण क तुकडीला शिकवणारेही विरोधात आहेत आणि ते मला कळायला वेळ लागला. सभेत कोणी काही बोलत नाही, "बघू" म्हणतात. वेळापत्रकासाठी विषयवाटपाची पसंती मागितली, तर निम्म्या लोकांनी कागद दिलेलाच नाही.

एका तरुण शिक्षकाने शेवटी एकट्याने भेटून सांगितलं. भीती पटाची, म्हणजे विद्यार्थिसंख्येची आहे. अ तुकडीचे पालक नाराज झाले तर दाखले काढून मुलांना इंग्रजी शाळेत नेतील, पट घसरेल, संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं मंजूर होतात त्यात) एखादं पद जाईल. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयात संचमान्यतेचे निकष बदलल्यापासून हा विषय निघाला की सगळे गप्प होतात. अतिरिक्त ठरताना सेवाज्येष्ठतेत खालचा आधी जातो. म्हणजे ज्यांना हा बदल मनापासून पटलाय त्या तरुण शिक्षकांनाच सगळ्यात जास्त धोका वाटतोय. मग समायोजन, म्हणजे दुसऱ्या शाळेत नेमणूक, कुठे होईल, मुरबाडला की शहापूरला, हे कोणाला माहीत?

मुख्याध्यापक म्हणतात, लेखी आदेश काढा, दिवाळीपर्यंत सवय होईल. मला तसं करायचं नाही. आदेशाने नावं इकडून तिकडे होतील, पण वर्गात शिकवायचं यांनाच आहे. तुमच्यापैकी कोणी शाळेत असा बदल केला असेल तर सुरुवात कुठून केली, ते सांगाल का?

कोपरीकर:

ताई, मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. आमच्याकडेही अशाच तुकड्या होत्या.

सगळ्यांची एकत्र सभा पुन्हा घेऊ नका. सभेत माणूस स्वतःचं कारण सांगत नाही, चारचौघांत शोभेल असं कारण सांगतो. एकेकाला ऑफ तासाला भेटा आणि "तुम्हाला हे पटतं का" असं न विचारता "यात तुमचं काय जाईल" असं विचारा. अ तुकडीच्या वर्गशिक्षकांचं खरंच काहीतरी जातं. वीस वर्षं लोक त्यांना निकालाचा कणा म्हणत आले. त्यांच्याकडून तुकडी काढून घेतली आणि त्याबदल्यात काहीच दिलं नाही, तर ते विरोध करणारच. आणि तो विरोध चुकीचा नाही.

दुसरं, सगळ्या इयत्ता एकदम घेऊ नका. पाचवीपासून सुरू करा. पाचवीत मुलं वेगवेगळ्या प्राथमिक शाळांतून येतात, तिथे कोणाचीच अ तुकडी अजून झालेली नसते, त्यामुळे कोणाचं काही हिरावल्यासारखं होत नाही. नववी-दहावीला हात लावू नका. ज्या मुलांनी चार वर्षं एका पद्धतीत काढली, त्यांच्यावर बोर्डाच्या तोंडावर हा बदल लादणं योग्य नाही.

सेमीचा प्रश्न मात्र वेगळा सोडवावा लागेल. सेमी मिळणं गुणांवर असेल तोवर तुकड्या मिसळल्याचं फक्त नाव होईल. आम्ही पालकांच्या लेखी पसंतीवर सेमी दिली आणि दोन तुकड्या सेमी झाल्या. इंग्रजीतून विज्ञान शिकवायला तयार शिक्षक आहेत का, ते आधी पाहा.

ऐरोली_लोकल:

मी शाळेतली नाही, कंपनीत मनुष्यबळ विभागात आहे. पण तुमचं वाचून आमच्या अभ्यासातलं एक उदाहरण आठवलं.

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात हारवूड नावाची पायजमे शिवणारी कंपनी होती. तिथे कामाची पद्धत बदलली की उत्पादन पडायचं आणि बायका नोकरी सोडायच्या. कॉक आणि फ्रेंच या दोन संशोधकांनी कामगारांचे गट केले. एका गटाला बदल फक्त कळवला. एका गटाच्या प्रतिनिधींना तो ठरवण्यात घेतलं. बाकी गटांत सगळ्यांनाच घेतलं. नुसतं कळवलेल्या गटातले १७ टक्के लोक पहिल्या ४० दिवसांत सोडून गेले. सगळ्यांना सामील केलेल्या गटांतून कोणी गेलं नाही आणि त्यांचं काम लवकर पूर्वीच्याही वर गेलं. हा अभ्यास १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला.

यातली एक गोष्ट लोक विसरतात. त्या बायकांना खरंच काहीतरी ठरवायला दिलं होतं. निर्णय आधीच झालेला असताना मत विचारायला बसवलं तर लोकांना ते लगेच कळतं, आणि पुढच्या वेळी विचारलंत तरी कोणी उत्तर देत नाही. म्हणून काय पक्कं आहे आणि काय मोकळं आहे, हे दोन्ही पहिल्याच दिवशी सांगा.

भूमिती:

मी कळव्याला गणित शिकवते आणि सरळ सांगते, तुमच्या शाळेत असते तर मीही विरोधच केला असता.

सातवीत दोन अंकी भागाकार न येणारी मुलं आणि शिष्यवृत्तीला बसणारी मुलं एका वर्गात, पस्तीस मिनिटांची तासिका. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक लिहिलाय. तुमच्या वर्गात प्रत्यक्षात किती मुलं बसतात? क तुकडीचे शिक्षक का विरोधात आहेत, हे तुम्हाला कळायला वेळ लागला म्हणता. त्यांना आज निदान एकाच पातळीवर हळू शिकवता येतं. उद्या तेही जाईल, आणि ज्या मुलांसाठी हे सगळं चाललंय तीच मागच्या बाकावर जाऊन बसतील.

आमच्याही एका सभेत फिनलंडचं उदाहरण दिलं होतं, १९८० च्या दशकात त्यांनी गुणांनुसार गट बंद केले म्हणून. पण तिथे मागे पडलेल्या मुलाला शाळेतच वेगळा शिक्षक मदत करतो. ते सोडून फक्त अर्धंच उचललं तर कसं चालेल? 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेचं काम पाहा, तेही मुलांचे गट पातळीनुसारच करतात.

विरोध करणाऱ्यांना हाताळायचं असा शब्द शीर्षकात नाही, पण सूर तसा येतोय. आम्ही अडथळा नाही आहोत. तिथे काय अडणार आहे, ते सांगतोय.

रानजाई:

भूमिती, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. माझ्या शाळेत हे कोणी इतकं स्पष्ट बोललं असतं तर बरं झालं असतं.

'प्रथम'बद्दल एक म्हणायचंय. त्यांचे गट दिवसातल्या थोड्या वेळापुरते असतात, वाचन आणि अंकगणित प्रत्यक्ष तपासून केलेले, आणि मूल पुढे गेलं की गट बदलतो. मुलाच्या हजेरीवर, ओळखपत्रावर, दाखल्यावर तो गट लिहिलेला नसतो. आमची क तुकडी सगळीकडे लिहिलेली असते. मिसळलेली तुकडी आणि गणितापुरते पातळीचे गट, हे दोन्ही एकत्र चालेल का?

भूमिती:

चालेल, पण वेळापत्रकातच बसवावं लागेल. तिन्ही तुकड्यांचा गणिताचा तास आठवड्यातून दोनदा एकाच वेळी ठेवायचा, तेवढ्यापुरती मुलं पातळीनुसार वर्ग बदलतील. आम्ही सहावीला हे केलं होतं. एक शिक्षक रजेवर गेला की सगळं कोसळतं, म्हणून बदली कोण घेणार ते आधी ठरवून ठेवा. आणि या जादा तयारीच्या बदल्यात शिक्षकाचं दुसरं एखादं काम काढा. ऑनलाइन नोंदीचं काढलंत तर लोक स्वतःहून पुढे येतील.

पालक_लोकमान्यनगर:

मी पालक म्हणून लिहितोय. माझा मुलगा अशाच एका शाळेत क मध्ये होता, धाकटी अ मध्ये आहे. मुलाने आठवीत मला सांगितलं होतं, "बाबा, पालकसभेला नाही आलात तरी चालेल, आमच्या वर्गात कोणाचेच येत नाहीत." म्हणून मला हे व्हायला हवंय.

पण मुलीचं काय होईल, ही काळजीही आहेच. पालकांना सभेत भाषण ऐकवू नका. पहिल्या घटक चाचणीनंतर बोलवा, पेपर हातात द्या, अभ्यास मागे पडला की नाही ते आम्ही स्वतः बघू. आणि दाखला काढायच्या विचारात असलेल्या पालकांना वर्गशिक्षकांनीच फोन करू दे. त्यांचं आम्ही ऐकतो.

कोपरीकर:

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, ताई. ज्यांच्या विरोधाची तुम्हाला काळजी वाटतेय, पालक त्यांच्याच शब्दावर थांबणार आहेत. त्यांना बाजूला ठेवून पट टिकणार नाही.

रानजाई:

सगळ्यांचे मनापासून आभार. आज मुख्याध्यापकांशी सविस्तर बोलले. यंदा फक्त पाचवी आणि सहावी, यावर ते तयार झाले. सातवी पुढच्या वर्षी, नववी-दहावी सध्या जशीच्या तशी. अशाने शाळाभर व्हायला बरीच वर्षं लागतील आणि तोवर वरच्या वर्गांतली क तुकडी राहील, याचं मला वाईट वाटतं. तरी एवढं मान्य करते.

या दोन इयत्तांत गुणांवरून तुकडी पडणार नाही, हे पक्कं. सेमी पालकांच्या पसंतीवर, हेही पक्कं. तास कसे लावायचे, गट कसे करायचे, चाचणी कधी, पालकांशी कोणी बोलायचं, हे शिक्षक ठरवतील. त्यासाठी अ तुकडीच्या सगळ्यात ज्येष्ठ बाईंकडे पाचवीचं नेतृत्व मागायला उद्या त्यांच्या घरी जाणार आहे. नाही म्हणाल्या तर का नाही, ते ऐकून येईन. पद जाण्याच्या भीतीवर माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच सांगू शकते की पटाचा आकडा दर महिन्याला सगळ्यांसमोर ठेवीन आणि घसरायला लागला तर आपण थांबून विचार करू. मुख्याध्यापकांनी हे लेखी द्यायचं कबूल केलंय.

भूमिती, आमच्याकडे तीन तुकड्या आहेत आणि पाचवी-सहावीला गणिताचे शिक्षक दोनच. एकाच वेळी तिन्ही तास कसे लावलेत? तुमचं सहावीचं वेळापत्रक मिळेल का?

भूमिती:

पाठवते. आमच्याकडेही दोघेच होतो. तिसरा गट विज्ञानाच्या सरांनी घेतला, त्यांची पदवी गणितातली होती. तुमच्याकडे असं कोणी नसेल तर दोनच गट करा आणि पायाभूत गट लहान ठेवा, पंचवीसच्या आत. मोठा गट झाला तर चालतो, तो अभ्यासात पुढे असलेल्या मुलांनी भरलेला असतो आणि वहीत काम करत बसतो. व्यक्तिगत निरोपात तुमचा ईमेल द्या. आणि उद्या बाईंकडे जाताना ते वेळापत्रक कोरंच घेऊन जा, भरलेलं नेऊ नका.