मदत हवी आहे: गुरवांना सुतक, कौल अडलाय आणि ऑपरेशन गुरुवारी

आमचं गाव देवगड तालुक्यात. बाबांची बायपास गुरुवारी कोल्हापुरात ठरलीय. डॉक्टर म्हणतात, आता पुढे ढकलू नका. बाबा मात्र ग्रामदेवतेचा कौल (देवाचा होकार की नकार) झाल्याशिवाय सही करणार नाहीत. पाषाणाला तांदूळ लावून कौल घेणाऱ्या गुरवांना सुतक, तेही सोमवारपर्यंत. त्यांच्या भावकीतही तेच. (आम्हाला सुतक नाही.) शेजारच्या गावचा देव बाबांना चालत नाही, आणि खोटंच 'उजवा दिला', म्हणजे देवाने होकार दिला, असं सांगणं माझ्याच्याने होणार नाही. आईने घरात नारळ ठेवला, त्यावर बाबा नुसते हसले.

गुरव नसताना मानकऱ्यांनी पायरीवरूनच 'बा देवा म्हाराजा' करून गाऱ्हाणं (देवापुढचं मागणं) घातलं आणि कौल मागाहून घेतला, असं तुमच्या गावात कधी झालंय का?